बिननावाची क्लॅरिनेट

माझे बाबा फुंकून वाजवायची वाद्यं दुरुस्त करतात, आणि त्यांना स्वतःला त्यातलं एकही वाजवता येत नव्हतं. बाहेरच्यांना याची मोठी गंमत वाटायची. आम्हाला कधी वाटली नाही, कारण आमच्याकडे कामाची वाटणी ठरलेली होती. दुरुस्त करायचं बाबांनी आणि वाजवून बघायचं आईनं.

घराची पुढची खोली म्हणजे बाबांचं दुकान. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर लाखेचे डाग, कोपऱ्यात स्पिरिटचा छोटा दिवा, बुचाचे तुकडे, सुईएवढ्या स्प्रिंगा ठेवलेल्या काड्यापेट्या. दुपारी खिडकीतून ऊन आत आलं की टेबलावर उघडून ठेवलेल्या वाद्यांच्या चाव्या एकेक करून चमकायला लागायच्या आणि ऊन पुढे सरकलं की एकेक करून विझायच्या. लहानपणी शाळेतून आल्यावर मी त्या टेबलाखाली चटईवर झोपायची. तापलेल्या लाखेचा, तेलाचा आणि कुणाकुणाच्या जुन्या श्वासाचा मिळून एक वास तिथे असायचा. अजूनही तो आला की मला आधी जांभई येते.

बाबा वाद्य पूर्ण उघडायचे, पुसायचे, तापलेल्या लाखेनं नवे पॅड बसवायचे. पॅड म्हणजे भोकांवर बसणाऱ्या बारक्या गाद्या, आत लोकर आणि वर कांद्याच्या सालीसारखा पातळ पापुद्रा. सगळं जुळून आलं की ते आतल्या दाराकडे तोंड करून म्हणायचे, "अगं, ऐकतेस का जरा?" मग आई पदराला हात पुसत बाहेर यायची. क्लॅरिनेटचा तोंडात धरायचा भाग, माउथपीस, तेवढा तिचा स्वतःचा होता. तो स्वयंपाकघरात चमच्यांच्या शेजारी असायचा. तो लावून ती सूर खालून वर आणि वरून खाली वाजवायची, घरातला जिना चढून उतरावा तशी, आणि निकाल द्यायची. "डाव्या करंगळीपाशी गळतंय." नाहीतर नुसतंच, "हं. द्या."

शाळेच्या बँडमध्ये आई क्लॅरिनेट वाजवायची. वाद्य शाळेचं होतं. शाळा सुटली तेव्हा ते पुसून, पेटीत घालून परत केलं. त्या बँडची वाद्यं दुरुस्त करायला जो तरुण यायचा त्याच्याशी पुढे तिचं लग्न झालं. "वाद्य गेलं आणि दुरुस्तीवाला पदरात पडला," असं ती आल्यागेल्याला सांगायची, बाबांच्या देखत. त्यानंतर तिनं किती जणांची वाद्यं ओठांना लावली त्याची गणती नाही. डॉक्टरांची, कारखान्याच्या बँडवाल्यांची, हौशी म्हाताऱ्यांची. प्रत्येक वाद्याबरोबर तिचा संसार पाच-दहा मिनिटांचा. मग ते पेटीत बंद होऊन आपल्या माणसाकडे निघून जायचं.

माझ्या बाळंतपणाला दोन-एक महिने होते, त्या सुमाराची ही गोष्ट. मी दुसऱ्या गावात राहते. घडलं ते थोडं आईनं सांगितलं, थोडं बाबांनी, आणि थोडं मी अर्धवट झोपेत कानांनी ऐकलं.

एका शाळेच्या संगीताच्या बाई खोका घेऊन दुकानात आल्या. शाळा नव्या इमारतीत चालली होती, जुनी कपाटं रिकामी करायची होती. खोक्यात वर्षानुवर्षं पडून असलेली क्लॅरिनेट, बासऱ्या, एक चेपलेला सॅक्सोफोन.

"बघा ना, यातलं काही ओव्हरहॉल करण्यासारखं आहे का?" बाईंनी विचारलं.

बाबांनी एकेक वाद्य उन्हात धरून पाहिलं. खोटं बोलणं त्यांना जमत नाही. जमवायचा प्रयत्न केला की त्यांचे कान लाल होतात. "बाई, ओव्हरहॉल म्हणजे सगळं उघडायचं. सगळ्या चाव्या, सगळ्या स्प्रिंगा, पॅड, बूच. वाद्य स्वस्त म्हणून मेहनत स्वस्त होत नाही, उलट जास्तच पडते. एवढ्या खर्चात तुम्हाला नवं येईल."

"मग नवं घेऊ?"

"ते पण असलंच भिकार येईल. घेऊ नका."

बाई हसल्या. "म्हणजे मी करू तरी काय?"

"ठेवून जा. चार स्क्रू निघतील कुणाच्या तरी कामाला येण्यासारखे."

बाई खोका ठेवून गेल्या. बाबा सगळं परत आत भरत होते, तेवढ्यात आई चहाचा कप घेऊन आली आणि वरची क्लॅरिनेट तिनं सहज हातात घेतली. काळं प्लॅस्टिक, रंग उडून धुरकट झालेलं. जिथे कारखान्याचं नाव असतं तिथे नुसता गुळगुळीत पट्टा, कुणीतरी घासून काढल्यासारखा. आईनं आपला माउथपीस आणला, सगळी भोकं बोटांनी मिटली आणि अगदी तळाचा सूर लावला.

ती म्हणते, तो सूर एकटा नव्हता. त्याच्या पोटात आणखी एक बारीक गुणगुण होती. शेजारच्या खोलीत कुणीतरी तोंड मिटून स्वतःशीच गुणगुणत असावं, आणि आपण दार उघडलं की थांबेल असं वाटावं, तशी. बाकीचे सूर धड लागतच नव्हते. पण तो एक तिनं पुन्हा लावला, आणि पुन्हा. आत दूध उतू गेलं. करपल्याचा वास बाबांना आधी आला.

"अगं, दूध!"

आई जागची हलली नाही म्हणे. बाबा स्वतः उठून गेले आणि गॅस बंद करून आले.

त्यानंतर काही दिवस तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भाजी चिरता चिरता थांबायची, नळ सोडून उभी राहायची. एके दुपारी तिनं मला फोन केला. "अगं, मला तो सूर झोपेत ऐकू येतो. मी कुठल्याशा मोठ्या दालनातून चालत असते, फरशी नुकतीच पुसल्यासारखी ओली, आणि तो कुठून येतोय ते शोधत असते. सापडत नाही. पण शोधताना इतकं बरं वाटतं!" मला तेव्हा स्वतःची विचित्र स्वप्नं पडत होती. मी तिला माझं सांगितलं, ज्यात माझं पोट म्हणजे एक खिडकी होती आणि आतून कुणीतरी पडदे लावत होतं. शेजारणींनी वाटीवाटी साखर उसनी द्यावी तशी आम्ही त्या दिवसांत स्वप्नं दिली-घेतली.

शेवटी तिनं बाबांपाशी विषय काढलाच. "अहो, ती बिननावाची मला करून द्या."

"कुणासाठी?"

"मला म्हटलं ना आत्ता."

बाबांनी हातातलं काम खाली ठेवलं. "तुला क्लॅरिनेट हवी आहे? इतकी वर्षं बोलली नाहीस ती! चल, चांगली घेऊ."

"चांगली नको. ही हवी."

"अगं, ही करण्यासारखी नाही." बाबा समजुतीच्या सुरात सांगायला लागले. "हिच्या चाव्या ओतीव आहेत, मऊ धातूच्या. नुसता धक्का लागला की वाकतात, सरळ करायला जावं तर तुटतात, आणि डाग द्यायला जावं तर अख्खी चावीच वितळते. आतली नळी खडबडीत. मधले दोन सूर जन्मात नीट लागायचे नाहीत. मी जीव ओतला तरी वर्षभरात परत इथेच येईल बघ."

"येऊ दे की," आई म्हणाली. "इथेच तर राहणार आहे ती. जाणार कुठे?"



नाक मुरडतच बाबांनी काम सुरू केलं. गिऱ्हाइकांची कामं आटपली की उरलेल्या वेळात. चाव्या उतरवल्या, जुने कडकडीत झालेले पॅड खरवडून काढले, नळी कोमट पाण्यानं धुतली. पहिल्याच आठवड्यात एक चावी सरळ करताना त्यांच्या बोटांतच मोडली, बिस्किटासारखी. तेव्हा ते जे बोलले ते आईनं मला फोनवर सांगितलं नाही, फक्त "बोलले" एवढंच सांगितलं. मग त्यांनी त्याच खोक्यातल्या दुसऱ्या वाद्याची चावी घेतली आणि कानस घेऊन ती हिला बसेल अशी घडवत बसले. त्यात दोन दुपारी गेल्या. चांगल्या वाद्यात आपण फक्त मदत करायची असते, वाद्य स्वतःहून जाग्यावर येतं. हिच्यात प्रत्येक गोष्ट ओढून-ताणून आणावी लागते, असं ते कुरकुरायचे. पण कुरकुरताना त्यांचा आवाज हळूहळू मवाळ होत चालला होता, असं आईचं मत.

आणि मध्येच मी बाळंत झाले, ठरल्या तारखेच्या बऱ्याच आधी. आईनं जे हाताला लागलं ते पिशवीत कोंबलं आणि ती माझ्याकडे आली. बाबा, दुकान आणि उघडी पडलेली बिननावाची मागे राहिली.

ते दिवस मला नीट आठवत नाहीत, कारण मी धड जागीही नव्हते आणि धड झोपलेलीही नव्हते. मुलगी झाली होती, मुठीएवढं तोंड असलेली. खोलीचा पडदा दिवसभर अर्धा ओढलेला असायचा. दोरीवर वाळत घातलेल्या दुपट्यांतून उजेड गाळून यायचा आणि भिंतीवर दुधाळ चौकोन व्हायचे. नवरा कामावर गेला की घरात आम्ही तिघी. आई मांडीवर बाळ घेऊन पलंगाच्या कडेला बसायची, मी आडवी. कधी डोळे मिटायचे, कधी उघडायचे, मधला वेळ कुठे गेला ते कळायचं नाही.

अशाच एका दुपारी बाबांचा फोन आला. हात मोकळे नव्हते म्हणून आईनं स्पीकर लावून फोन उशीवर ठेवला.

"पॅड बसवून झाले," बाबा म्हणाले. "आता बघायचं कसं?"

"मी आल्यावर बघू."

"तुला यायला अवकाश आहे. लाख ताजी आहे तोवर कळलेलं बरं."

"लाख काय, पुन्हा तापवता येते."

"येते," बाबा म्हणाले.

आई माझ्याकडे बघून गालात हसली. "दिवा घालून बघितला का?"

बघितला होता. भरदुपारी खिडकीचा पडदा ओढून खोली काळोखी करायची, वायरीला बांधलेला बारीक दिवा नळीत सोडायचा आणि सगळी भोकं मिटून बघायचं, कुठून उजेड फुटतोय का. मी लहानपणी ते टेबलाखालून बघायची. काळोखात ते वाद्य दिसायचंच नाही, फक्त जिथे पॅड नीट बसला नसेल तिथे नखाएवढी चंद्रकोर उगवायची. मग बाबा काडी ओढून लाख मऊ करायचे, पॅड नीट बसवायचे, आणि चंद्रकोर मावळायची.

"कुठूनही उजेड येत नाही," बाबा म्हणाले. "पण उजेडाला जाता येत नाही तिथून हवेला जाता येतं."

"मग फुंका."

"मी?"

"तिथे आणखी कोण आहे?"

फोनमधून बाबांची स्वयंपाकघराकडे जाणारी पावलं ऐकू आली. मग हळू आवाजात, "तुझा माउथपीस घेऊ का?"

आईनं बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला. तिचा तो माउथपीस आजवर दुसऱ्या कुणाच्या तोंडात गेला नव्हता. "घ्या," ती म्हणाली. "धुऊन जागेवर ठेवा मात्र."

पहिला आवाज आला तो जड कपाट फरशीवरून सरकवल्यासारखा. मला हसू आवरेना, आणि हसलं की टाके दुखत होते, त्यामुळे माझे हसता हसता रडण्याचे हाल. बाळानं डोळे उघडले, कुणी विशेष आलेलं नाही अशी खात्री करून घेतली आणि मिटले.

"वरचे दात टेकवा," आई शिकवायला लागली. "खालचा ओठ आत घ्या. आणि गाल फुगवू नका, वाढदिवसाचा फुगा नाही तो."

"गाल फुगलेत हे तुला कसं कळलं?"

"ऐकू येतात."

मग रोजच दुपारी फोन यायला लागला. बाबा तळाच्या सुरापासून सुरुवात करायचे. आई डोळे मिटून ऐकायची आणि सांगायची, "दुसऱ्या बोटाखाली गळतंय." बाबा फोन टेबलावर ठेवून कामाला लागायचे. तेवढ्या वेळात फोनमधून आमच्या घराचे आवाज येत राहायचे. काडी ओढल्याचा. खुर्ची मागे सरकल्याचा. रस्त्यावरून गेलेल्या सायकलच्या घंटीचा. आई ते मन लावून ऐकायची. आपण नसताना आपलं घर कसं वागतं, हे तिला पहिल्यांदाच ऐकायला मिळत होतं. "बघ, मधल्या दाराची कडी लावलेली नाही, वाऱ्यानं आपटतंय," ती पुटपुटायची. आणि मग पुन्हा तो सूर, थोडा कापरा, थोडा मोठा, पण आता सूर म्हणता येईल असा.

मला त्यात झोप लागायची. अशी झोप मला त्या दिवसांत दुसऱ्या कशानंही लागत नव्हती. झोपेत सूर जाडसर व्हायचा, पांघरुणासारखा अंगावर यायचा. एकदा मला दिसलं की आमच्या घराच्या भिंतींना जागोजागी गोल भोकं आहेत, त्यातून उजेड बाहेर सांडतोय, आणि बाबा शिडीवर चढून एकेका भोकावर गादी बसवताहेत. सगळी मिटली. घर काळोखात दिसेनासं झालं. मग आतून कुणीतरी श्वास घेतला. जागी झाले तेव्हा तो श्वास बाळाचा होता, माझ्या गळ्याशी.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की आई आता "गळतंय" म्हणत नाही. ती म्हणते, "घाई करू नका." ती म्हणते, "तो सूर सोडायच्या आधी पुढचं बोट तयार ठेवा." पण फोन मात्र येतोच आहे.

एकदा दुपारी आईचा डोळा लागला होता, म्हणून फोन मी घेतला.

"झोपलीय का ती? उठवू नकोस मग," बाबा म्हणाले.

"दुरुस्ती राहिलीय का अजून?"

"छे, ती कधीच झाली."

"मग?"

"मला चार सूर येतात आता," ते म्हणाले. शाळेतून आल्याआल्या मी जशी काहीतरी सांगायची, अगदी तसा त्यांचा आवाज.

"इतकी वर्षं का नाही शिकलात, बाबा? घरात शिकवणारी होती की."

"टेबलावर येतं ते वाद्य कुणाचं तरी असतं. चांगलं असतं. त्यावर मी असला भेसूर आवाज काढायचा म्हणजे... लाज वाटायची गं. तुझ्या आईची नाही, वाद्याची. हिची नाही वाटत. ही तरी कुठे मोठी शहाणी लागून गेलीय?"

मी हसले. मग ते म्हणाले, "ऐक," आणि त्यांनी ते चारही सूर मला वाजवून दाखवले. तिसरा चुकला. तो त्यांनी पुन्हा घेतला. मी आईला यातलं काही बोलले नाही.

बाळाला जरा बाळसं आलं, मी हिंडू-फिरू लागले, तशी आई परत गेली. बाबांनी बिननावाची पुसून लख्ख करून टेबलावर ठेवली होती. खाली स्वच्छ फडकं अंथरलेलं. आईनं पिशवी खाली ठेवली, पाणीसुद्धा न पिता खुर्चीवर बसली आणि सगळी भोकं बोटांनी मिटून तळाचा सूर लावला.

सूर आला, गोल, भरीव, स्वच्छ. तिनं तो पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. बाबांना वाटलं, आवडला. ते कौतुकाच्या तयारीनं उभे होते.

"अहो," आई म्हणाली, "हा तो नाही."

"तो कोण?"

"त्याच्या पोटात होतं ना काहीतरी. गुणगुणणारं."

बाबांना उलगडा व्हायला वेळ लागला नाही. "एका पॅडचा पापुद्रा फाटलेला होता," ते म्हणाले. "हवा लागली की थरथरत असणार. तेच ऐकलंस तू."

"मग तो पॅड?"

"काढला. ओव्हरहॉल म्हणजे तेच असतं ना गं."

जुने पॅड केव्हाच कचऱ्यात गेले होते. बाबा म्हणाले, नव्या पॅडचा पापुद्रा फाडून देतो, थोडी खटपट केली की जमेल. आईनं मान हलवली. "मुद्दाम फाडलेलं नको."

"उघडायलाच नको होती मी," बाबा म्हणाले.

"न उघडता किती दिवस टिकलं असतं?"

बाबांचे कान लाल झाले नाहीत, म्हणजे त्यांनी खरं तेच सांगितलं. "फार नाही. चार-आठ दिवस फुंकली असतीस तर पुरतंच फाटलं असतं. मग ती मुकीच झाली असती."

त्या रात्री आईनं मला फोन केला. "मला रडू आलं गं. वेड्यासारखं. पण बाबांना सांगू नकोस, त्यांनी इतकं जीव ओतून केलंय." दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा फोन. "तुझ्या आईचे डोळे भरले होते. मला दिसलं. पण तिला सांगू नकोस, तिला वाटतंय मला कळलं नाही." मी दोघांनाही "बरं" म्हटलं. ते दालनाचं, ओल्या फरशीचं स्वप्नही आईला त्यानंतर पडलं नाही.

बाबांच्या मनाला ते लागून राहिलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी दुकानाला कुलूप घातलं आणि आईला वाद्यांच्या मोठ्या दुकानात घेऊन गेले. जाड गालिचा, काचेची कपाटं, विक्रेता अदबीनं एकेक क्लॅरिनेट काढून देतोय. आईनं सगळ्या वाजवल्या. खालून वर, वरून खाली. प्रत्येक पुसून परत दिली. शेवटी विक्रेत्याचे आभार मानले आणि दोघं रिकाम्या हातांनी बाहेर आली. समोरच्या बागेत बाकावर बसून त्यांनी चहा घेतला.

"एकही आवडली नाही?"

"सगळ्या आवडल्या. फार सुरेख होत्या." आई कपातल्या वाफेकडे बघत होती. "पण घरी न्यावीशी कुठलीच वाटेना. दहा मिनिटं झाली की आपसूक पुसून परत द्यावीशीच वाटते. मला वाद्य ठेवून घ्यायची सवयच नाही हो. आता या वयात लागायची पण नाही." आणि ती हसायला लागली. बाबा म्हणतात, खरंच हसत होती. झाडाखाली कुणाचा तरी कुत्रा पाय ताणून झोपला होता, त्याच्याकडे ते बघत राहिले. कप ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "मग ती बिननावाची... मी वाजवली तर चालेल?"

"इतके दिवस फोनवर काय करत होतात?" आई म्हणाली.

मुलगी बसायला लागल्यावर मी तिला घेऊन माहेरी गेले. घरात बदल झाला होता. जेवण झालं की बाबा गिऱ्हाइकाचं काम बाजूला सारतात, खोक्यातला एक जुना माउथपीस लावून बिननावाची जोडतात आणि खिडकीपाशी बसतात. चावी आजवर कितीदा तरी वाकली आहे. वाकली की ते तिला शिव्या घालतात आणि लगेच सरळ करतात, हळूहळू, तुटू नये म्हणून श्वास रोखून. मधले दोन सूर खरंच लागत नाहीत. त्यांना ते मनावर घ्यायचं कारण नाही, त्यांचे स्वतःचे पाचसहा सूर लागत नाहीत. गिऱ्हाइकांची वाद्यं हल्ली आमच्याकडे एखादा दिवस जास्त मुक्काम करतात. बाबा तळाचा सूर धरून ठेवतात आणि आई दुसऱ्याच कुणाच्या तरी भारी क्लॅरिनेटवर त्याच्या आसपास फिरत राहते, कधी वर, कधी अगदी शेजारी. दहा मिनिटांचा अर्धा तास होतो. मग ती पुसून पेटीत ठेवते.

मी बाबांना विचारलं, "शेवटी करण्यासारखी होती का ती?"

"गिऱ्हाईक म्हणून विचारतेस?"

"नाही. मुलगी म्हणून."

"गिऱ्हाईक म्हणून विचारलंस तर नाही. अजिबात नाही. कालच एक जण असलीच घेऊन आला होता, त्याला परत पाठवलं." त्यांनी माउथपीसला लावायची वेताची पत्ती ओली करायला तोंडात धरली आणि तशाच बोबड्या आवाजात म्हणाले, "आणि मुलगी म्हणून विचारत असशील तर जरा बाजूला सर. उजेड अडवते आहेस."

मी बाजूला सरले. टेबलाखाली माझी चटई अजून होती. मुलीला कुशीत घेऊन मी चटईवर आडवी झाले. बाबा एक छोटीशी धून बसवत होते, कुठली ते कळत नव्हतं, बहुधा त्यांनाही नसावं. एका वळणावर येऊन ते अडखळायचे, थांबायचे, पुन्हा पहिल्यापासून घ्यायचे. "मधलं बोट!" आई आतून ओरडली. भांड्यांचा आवाज थांबला, म्हणजे ती ऐकत उभी असणार. ते पुन्हा त्या वळणापर्यंत आले. लाखेचा वास येत होता, मुलीचा तळवा माझ्या हनुवटीवर होता, उन्हाचा पट्टा टेबलाच्या पायावरून खाली उतरत होता. पुढे त्यांना ते जमलं की नाही, मला सांगता येणार नाही. मला झोप लागली.